ॲम्बॅसॅडरला ट्विन एसयू बसवल्यावर स्लो टिकत नाही? पुन्हा ट्यूनिंग करण्याआधी मॅनिफोल्ड तपासा

तक्रार साधारण अशी असते. जुन्या ॲम्बॅसॅडरचा सिंगल कार्बोरेटर काढला, त्याजागी दोन एसयू (ब्रिटिश बनावटीचे कार्बोरेटर) आणि त्यांचं वेगळं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बमधलं मिश्रण इंजिनाच्या हेडपर्यंत नेणारा भाग, चढवलं. सुरुवातीला गाडी खूश. पिकअप वाढला, चढावर गिअर कमी वेळा पाडावा लागतो. मग एक दिवस स्वारगेटच्या सिग्नलला उभं असताना स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) आपोआप चढतो, उतरतो, परत चढतो आणि इंजिन बंद. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटके. सकाळी थंड इंजिनाला यातलं काहीच होत नाही. मिस्त्री कार्ब खोलून साफ करतो, मिक्स्चरमधलं पेट्रोल थोडं वाढवतो, गाडी काही आठवडे नीट चालते आणि पुन्हा तेच सुरू.

या टप्प्यावर बहुतेक मालक दोन वाटा धरतात. एक तर ‘कार्ब जुनाट निघाले’ म्हणून दुसरी जोडी शोधायला लागतात, नाहीतर वैतागून सिंगल कार्ब परत बसवतात. दोन्हींत पैसा जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. ट्यूनिंगने बरा होऊन पुन्हा उलटणारा हा त्रास कार्बोरेटरचा क्वचितच असतो. कार्बोरेटरला वळसा घालून कुठूनतरी हवा आत शिरत असते, आणि ती जागा बहुतेक वेळा हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये असते. मिक्स्चर वाढवलं की ती गळती झाकली जाते. पण गळतीचं तोंड इंजिनाच्या उष्णतेप्रमाणे कमी-जास्त होतं, त्यामुळे कुठलंही सेटिंग टिकत नाही.

हे सगळं १४८९ सीसीच्या इंजिनाबद्दल आहे. १८०० आयएसझेड असेल तर ते इंजिन इसुझूचं, त्याची रचनाच वेगळी; पुढचं मोजमाप तिथे लागू नाही. आपलं १४८९ म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. हेच इंजिन एमजी मॅग्नेट आणि एमजीएमध्ये होतं, पुढे मोठं होऊन १७९८ सीसीचं एमजीबीत गेलं. त्या गाड्यांना कारखान्यातूनच ट्विन एसयू असायचे, म्हणून ती जोडी आपल्या हेडवर बसू शकते. बसते हे खरं, पण एका अटीवर. त्या अटीकडे येतो, आधी दोष नक्की कुठला ते ठरवू.

गाडी कुठे त्रास देते ते आधी बघा

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो, कारण पान्याला हात लावण्यापूर्वीच निम्मं निदान त्यातून होतं. सिग्नलला मरते आणि घाटात छान ओढते, की सिग्नलला शांत उभी राहते आणि घाटात दम टाकते?

स्लोवर थ्रॉटल, म्हणजे कार्बमधला हवेचा पडदा, जवळजवळ बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो. इंजिनाला लागणारी हवाही तेव्हा अगदी थोडी असते. अशा वेळी केसाएवढी फट असली तरी तिच्यातून येणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते आणि मिक्स्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. दिवे घाटात तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून चढत असता तेव्हा व्हॅक्यूम जवळपास संपलेला असतो. फट तीच, पण तिच्यातून ओढायला जोरच नाही. म्हणून ‘घाटात मस्त, सिग्नलला मेली’ असं असेल तर हवेची गळती शोधा. उलट ‘सिग्नलला मस्त, घाटात दम टाकते’ असं असेल तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर, टाकीच्या झाकणाचा श्वास, फ्लोटची नीडल (कार्बच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी). तिसरा प्रकार म्हणजे गाडी चालताना ठीक, पण सासवडला चहाला थांबून दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता फिरत राहतो. तो उष्णतेचा प्रकार, त्याचा उपाय वेगळा आहे आणि खाली सांगितला आहे.

हे तीन त्रास एकमेकांत मिसळून ‘कार्ब खराब’ या एका नावाखाली जातात, तिथेच सगळा घोळ होतो.

आणखी एक खूण. स्लो स्क्रू दोन्हीकडे पूर्ण मागे घेतला, थ्रॉटलच्या फ्लॅप बंद आहेत, केबल सैल आहे, तरी आरपीएम खाली येत नाही? मग ही हवा कार्बमधून येतच नाहीये. एवढी एक गोष्ट दिसली तरी कार्ब खोलायचा विचार बाजूला ठेवा.

इग्निशन मात्र आधी उरकून घ्या. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लग साफ, डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची) टोपी कोरडी, टाइमिंग बरोबर. आजकाल मिळणारे कंडेन्सर फार बेभरवशाचे असतात. गाडी गरम झाल्यावर मिसिंग सुरू होत असेल तर जुना पण चांगला माहीत असलेला कंडेन्सर लावून बघा. टॅपेटही तपासा. यात फार वेळ घालवायची गरज नाही, पण हे सोडून पुढे गेलात तर पुढच्या एकाही चाचणीवर भरवसा ठेवता येणार नाही.

प्लग जोडीने बघा

बी-सिरीजच्या हेडला इनटेकची तोंडं दोनच आहेत. पुढचं तोंड १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला, मागचं ३ आणि ४ ला. धुराची तोंडं तीन: १ आणि ४ ला स्वतंत्र, २-३ ला मिळून एक. ही पाचही तोंडं हेडच्या एकाच बाजूला आहेत. ही रचना नीट डोक्यात बसवून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

गाडी चांगली तापवा, स्लोवर पाच मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि चारही प्लग काढून क्रमाने मांडा. १ आणि २ पांढरट, ३ आणि ४ विटकरी, असं दिसलं तर पुढच्या तोंडापाशी हवा शिरतेय. ३-४ पांढरे असतील तर मागच्या. चारही सारखेच पांढरे असतील तर गळती दोन कार्बना जोडणाऱ्या बॅलन्सच्या भागात असू शकते, किंवा मिक्स्चरच सगळीकडे पातळ आहे. एकच प्लग वेगळा असेल तर इनटेकचा विचार सोडा; प्लग, वायर किंवा व्हॉल्व्ह बघा.

पुढचा कार्बच पातळ लावलेला असला तरी १-२ पांढरे होतील, ही शंका रास्त आहे. फरक असा की पातळ लावलेला कार्ब थंड असतानाही तसाच वागतो, उलट सकाळी जास्तच. गळती गरम झाल्यावर बोलते.

व्हॅक्यूम गेज आणि पुण्याची उंची

व्हॅक्यूम गेज हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी हत्यार. पण विलायती पुस्तकातला आकडा पुण्यात जसाच्या तसा लावू नका. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा पाऱ्याच्या जवळजवळ दोन इंचांनी कमी. म्हणजे जे इंजिन गिरगावात १८ इंच दाखवेल ते कोथरूडला १६ दाखवतं आणि तरी ठणठणीत असतं. चांगल्या इंजिनाला ‘व्हॅक्यूम कमी आहे’ म्हणून खोलल्याचं ऐकलं की फार वाईट वाटतं.

आकड्यापेक्षा काट्याची चाल महत्त्वाची. काटा स्थिर पण खाली, १२-१३ वर असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टाइमिंग. काटा ठरावीक लयीत खाली झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. थंड असताना १६ आणि तापल्यावर हळूहळू १३ वर उतरला, तर तुम्ही जे शोधताय ते सापडलंच असं समजा.

गळतीची नेमकी जागा शोधायला रबरी पेट्रोल पाइपचा दोन-अडीच फुटांचा तुकडा घ्या. एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या फ्लँजच्या (हेडला टेकणाऱ्या पट्टीच्या) कडेने हळूहळू फिरवा. फॅनपासून हात, बाही, केस लांब. गळतीपाशी आलं की ‘सूं’ असा बारीक, टोकदार आवाज येतो. बाकी इंजिनाचा गोंगाट त्याच्या मागे जातो. फ्लँजच्या वरच्या कडेइतकीच खालची कडही ऐका, तिथे हात जात नाही म्हणून ती सगळेच सोडतात.

कार्ब क्लीनरचा फवारा मारून आरपीएम बदलतो का बघणं ही पद्धत इतर इंजिनांवर ठीक असेल. इथे नको. इनटेकच्या बरोबर खाली धुराचं लालबुंद होणारं मॅनिफोल्ड आहे, दोन्ही एकाच बाजूला. भडका उडायला क्षण लागत नाही. अगरबत्तीचा धूर आत ओढला जातो का बघायचा, असंही काही जण सुचवतात. उघड्या पेट्रोलपाशी निखारा नेऊ नका, एवढंच सांगतो.

मूळ दोष: दोन फ्लँज, एक वॉशर

आता ती अट. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना खेटून असल्यामुळे मधल्या स्टडांवर (हेडमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यांवर) दोघांचा सामायिक हक्क आहे. एका स्टडच्या एका अंगाला इनटेकच्या फ्लँजची कड, दुसऱ्या अंगाला एक्झॉस्टच्या. वर एकच मोठा जाड वॉशर आणि नट. तो वॉशर दोन्ही कडांना एकदम दाबतो. म्हणजे दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असेल तरच दोन्ही सारखे दाबले जाणार.

मूळ जोडी एकत्र बनलेली आणि एकत्रच म्हातारी झालेली असते, त्यामुळे जाडी जुळते. आपण मात्र काय करतो? एक्झॉस्ट आपल्याच गाडीचं, पन्नास-साठ वर्षं तापून एकदोनदा घासून घेतलेलं. इनटेक कुठल्यातरी एमजीचं, नाहीतर बाहेरून मागवलेलं नवं ॲल्युमिनियमचं. दोघांच्या फ्लँजमध्ये फरक असणारच. जो जाड आहे त्याच्यावर वॉशर टेकतो, दुसऱ्या बाजूला अधांतरी राहतो. नट कितीही आवळा, एका पायाने आखूड असलेल्या पाटासारखा तो वॉशर डुगडुगत राहणार. थंड असताना नवं गॅस्केट फुगीर असल्याने भागतं. ॲल्युमिनियम आणि बिडाचं प्रसरण वेगवेगळं, त्यात गॅस्केट दबून बसलं की फट उघडते. ‘काही आठवडे बरं’ वाटण्याचं कारण हेच.

हे सगळं खोलल्यावर डोळ्यांनी दिसतं. मॅनिफोल्ड काढल्यावर ते मोठे वॉशर पुसू नका, आधी उजेडात धरा. ज्याची अर्धी बाजू घासून चकचकीत झालीय आणि उरलेल्या अर्ध्यावर काजळी किंवा जुना गंज जसाच्या तसा आहे, तो वॉशर एकाच फ्लँजवर टेकत होता. गॅस्केटही बघा. एक्झॉस्टच्या तोंडाभोवती फ्लँजचा ठसा खोल उमटलेला आणि इनटेकच्या तोंडाभोवती एका कडेला नुसता पुसट, तिथे काळसर ओघळ. ती गळतीची वाट.

गॅस्केट खरवडताना एक काळजी घ्या: जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. कोरडं घासून धूळ उडवू नका. पाण्याने भिजवून, मास्क लावून खरवडा आणि कचरा पिशवीत बांधून टाका. वायर ब्रश लावलेलं ग्राइंडर तर अजिबात नको.

मग मोजमाप. व्हर्नियरने प्रत्येक सामायिक स्टडपाशी दोन्ही फ्लँजची जाडी घ्या आणि कागदावर स्टडप्रमाणे जोडीने लिहा. मी ०.१ मिमीपर्यंतचा फरक चालवून घेतो, त्यापुढे नाही. त्यानंतर दोन्ही मॅनिफोल्डचे हेडकडचे चेहरे स्ट्रेट एज लावून फिलर गेजने तपासा. हेडचा चेहराही. ॲल्युमिनियमचं इनटेक आधी कोणी जोर लावून आवळलेलं असेल तर टोकाला वाकलेलं सापडतं.

दुरुस्तीच्या दोन वाटा आहेत. जाडीचा फरक मोठा असेल तर जाड फ्लँजची वॉशरकडची बाजू मिलिंगवर बारक्याच्या बरोबरीला उतरवून घ्यायची. फरक थोडा असेल तर वॉशरलाच पायरी काढायची: जाड पोलादी वॉशर, अर्ध्या भागाची जाडी तेवढीच उतरवलेली, दुसऱ्या अर्ध्याची नाही. भोसरीत एमआयडीसीच्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम होतं, पण समजावून सांगावं लागतं. मी गेलो तेव्हा मशीनवरच्या काकांनी वॉशर हातात घेऊन विचारलं, ‘‘साहेब, वॉशर तर सपाटच पाहिजे ना? तुम्ही वाकडा करून का मागताय?’’ दोन्ही मॅनिफोल्ड टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून स्टडच्या जागी वॉशर टेकवून दाखवला. बोटाने दाबला तसा तो डुगला. काका म्हणाले, ‘‘मग नट काय डोंबल धरणार!’’ आणि पुढे एक शब्द न विचारता त्यांनी प्रत्येक वॉशरवर पंचने स्टडचा नंबर टाकून दिला. नंबर टाकून घ्याच, कारण प्रत्येक स्टडचा फरक वेगळा असतो आणि पायरीची जाड-बारीक बाजू उलटी बसली तर त्रास दुप्पट.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पातळ वॉशर इथे लावू नका. ते आवळताना बशीसारखे वाकतात आणि दाब कडेवर न जाता मधोमध जातो.

गॅस्केट एकसंध, पाचही तोंडांचं घ्या. नाना पेठेत जॉइंटिंग शीट कापून गॅस्केट बनवून देणारे आहेत, हात सफाईदार असतो त्यांचा, पण साधी शीट धुराच्या तोंडापाशी जळते आणि महिन्याभरात तुम्ही परत तिथेच. सिलिकॉन सीलंटचा मोह टाळा. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे आत जातात. चेहरे सपाट आणि जाडी जुळलेली असेल तर गॅस्केट कोरडंच बसतं.

बसवताना नट मधून बाहेर, थोडे-थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. स्टड बिडाच्या हेडमध्ये आहेत, जोर केला तर आटे उपटून येतात. पितळी नट वापरले तर पुढच्या वेळी खोलताना स्टड तुटत नाहीत. पहिल्यांदा पूर्ण तापवून इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पुन्हा एक फेरी आवळा. पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. ही शेवटची फेरी गॅरेजवाले टाळतात, कारण गाडी ‘चालू’ असते. ती तुम्ही स्वतः करा.

जुनं सिंगल कार्ब, त्याचं मॅनिफोल्ड, हीट शील्ड, लिंकेज, सगळं तेल लावून पिशवीत जपून ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी मिळते आणि तिथे गाडी मूळ रूपात असणं ही अट आहे. ॲम्बॅसॅडरचं मार्क टू मॉडेल आता त्या वयात आलं आहे. भंगारात अडीच-तीनशे रुपयांना गेलेला भाग पुढे जुन्या बाजारात दर रविवारी शोधूनही मिळत नाही.

मॅनिफोल्ड ठीक असेल तर

मग पुढच्या जागा. थ्रॉटलची दांडी धरून वर-खाली हलवा. जुन्या एसयूमध्ये दांडी आणि तिचं भोक दोन्ही झिजतात, खुळखुळ लागते आणि दरवेळी ॲक्सिलरेटर सोडल्यावर फ्लॅप वेगळ्या जागी बसतो. त्यामुळे एका सिग्नलला स्लो ८००, दुसऱ्याला १२००. नवी दांडी घालून भागलं नाही तर बुश घालून घ्यावे लागतात. ट्यूनिंगने हे सुटत नाही.

डेल्कोकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळीचं रबर चिरलेलं असतं. इनटेकवर न वापरलेलं एखादं तोंड असेल तर त्याची टोपी कडक होऊन फुटलेली असते. कार्ब आणि मॅनिफोल्डमधले उष्णतारोधक ठोकळे दोन्ही बाजूंच्या गॅस्केटसह तपासा. वाकलेला ठोकळा फार फसवा, कारण फट कार्बच्या आड लपते.

गरम इंजिन परत चालू न होणं

साइडड्राफ्ट एसयू थेट धुराच्या मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसतात. गाडी चालताना वारा असतो. बंद केल्यावर सगळी उष्णता वर चढते, फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं, आणि वाट्या रिकाम्या तरी होतात किंवा पेट्रोल उतू जाऊन इनटेकमध्ये ओघळतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे होणारच. उपाय: ठोकळे जाड आणि मूळ मालाचे, त्यांच्यासोबत कार्बखाली पूर्ण रुंदीची हीट शील्ड, आणि पेट्रोलची नळी ब्लॉकपासून लांबून फिरवलेली. कन्व्हर्जन करताना हीट शील्ड ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाते. ती नंतरची गोष्ट नाही. अशी अडलेली गाडी चालू करताना चोक ओढू नका. ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा.

कोणी इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर त्याचा दाब मोजा. एसयूच्या फ्लोटच्या नीडलला ३ पीएसआयच्या आत पाहिजे. इंजेक्शनच्या गाडीचा पंप इथे लावला तर वाटी भरभरून वाहणार.

ई-२० पेट्रोलमुळे काय बदलतं

२०२३ पासून ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपांवर येऊ लागलं आणि आता पंपावरचं साधं पेट्रोल म्हणजे तेच. शुद्ध पेट्रोलचा एक किलो जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन पाहिजे. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीइतकंच देतो, म्हणून मिक्स्चर पातळ पडतं. पुण्याची विरळ हवा याच्या उलट काम करते. ५६० मीटरवर हवेची घनता पाच-एक टक्के कमी, त्याने मिक्स्चर अडीच-तीन टक्के गडद होतं. गोळाबेरीज केली तर पुण्यातली गाडी विलायती कोष्टकातल्या नीडलवर (जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या तोंडात, वर-खाली होणाऱ्या सुईवर) जवळपास सहा टक्के पातळ चालते. म्हणून गळती पूर्ण बंद करूनही हलका पातळपणा जाणवला तर घाबरू नका, जेट थोडा खाली घ्या, आणि रस्त्यावर वेगातही पातळ वाटत असेल तर एक पायरी गडद नीडल घाला.

जुने रबरी पाइप ई-२० ने मऊ पडून आतून सोलतात, त्याची काळी सालपटं जेटमध्ये अडकतात. एसएई जे-३० आर-९ असं छापलेले पाइप घ्या. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर वाट्या रिकाम्या करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

आता ट्यूनिंग

आत्ता, सगळी गळती बंद झाल्यावर. दोन्ही कार्बमधले पिस्टन हाताने उचलून सोडा, खाली ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. घासत उतरला तर जेट मध्यभागी आणा. जेट पुलाच्या (कार्बमध्ये पिस्टन जिथे टेकतो त्या जागेच्या) पातळीला आणून जेटचा नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू, खाली. इंजिन पूर्ण तापवा. दोन्ही कार्बमधली लिंक सैल करून तोच रबरी पाइप आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरा आणि फुसफुस सारखी येईपर्यंत स्लो स्क्रू फिरवा. मग मिक्स्चर: एका कार्बचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम चढून चढलेलाच राहिला तर गडद, पडला तर पातळ, क्षणभर चढून जागेवर आला तर बरोबर. एका वेळी एकच पैलू फिरवा, दोन्ही कार्बना. डॅशपॉटमध्ये (कार्बच्या पिस्टनवरच्या तेलाच्या भांड्यात) २० ग्रेडचं तेल, पोकळ दांडीच्या वर अर्धा इंच. या तेलाचा संबंध फक्त ॲक्सिलरेटर दाबतानाच्या खोकल्याशी आहे, स्लोशी नाही.

शेवटची पडताळणी पीयूसी सेंटरवर करा. दुपारी गर्दी नसताना जाऊन, ‘‘दादा, सर्टिफिकेट नंतर, आधी जरा आकडे बघू द्या,’’ असं म्हटलं तर बहुतेक जण नळी लावून देतात. जुन्या पेट्रोल कारला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र भरमसाट, असं दिसलं तर मिक्स्चर इतकं पातळ आहे की अधूनमधून पेटतच नाही: कुठेतरी हवा अजून शिरतेय. दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आकडा स्थिर राहिला आणि दहा मिनिटं तापवूनही हलला नाही, तर मॅनिफोल्ड बसलं.

तरीही स्लो डळमळत असेल तर कॉम्प्रेशन घ्या, चारही सिलिंडरचं, थ्रॉटल पूर्ण उघडून. कॉम्प्रेशन सारखं असूनही व्हॅक्यूमचा काटा स्लोवर थरथरत असेल आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यानंतर पहिल्या रेसला निळा धूर निघत असेल, तर इनटेक व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. तिथूनही हवा जाते, तेलासकट. मग हेड उतरवावंच लागेल, आणि ते उतरलंच आहे तर मॅनिफोल्डकडचा चेहराही त्याच फेरीत मशीनवर सपाट करून घ्या.